पर्यायी रेल्वेसेवा

पर्यायी रेल्वेसेवा म्हणजे एखाद्या मार्गावरील नेहमीची गाडी, इंजिन, डबे किंवा गाड्यांचा संपूर्ण ताफा दोष आढळल्यामुळे वाहतुकीतून मागे घ्यावा लागला असता, ठरलेल्या फेऱ्या चालू ठेवण्यासाठी अन्य साधनांनी दिलेली सेवा होय. हे साधन दुसरी गाडी असू शकते, दुसऱ्या मार्गावरून उसना आणलेला रेक असू शकतो, मार्गाच्या काही भागापुरती शटल फेरी असू शकते किंवा रेल्वे अगदीच शक्य नसल्यास बस असू शकते.

अशी सेवा किती सुलभपणे उभी राहते हे प्रशासनाच्या तत्परतेपेक्षाही एका जुन्या तांत्रिक निर्णयावर अवलंबून असते. मागे घेतलेली गाडी इतर गाड्यांशी कितपत जुळणारी आहे, हा तो निर्णय. रुळांची रुंदी, विजेचा दाब, डबे जोडण्याची रीत आणि फलाटाची उंची या बाबी जुळत असतील तर पर्याय काही तासांत मिळतो. त्या जुळत नसतील तर महिनोन्‌महिने मार्ग ओस पडतो. महाराष्ट्रात या दोन्ही टोकांची उदाहरणे आढळतात.

संज्ञा

मराठी वृत्तपत्रांत ‘पर्यायी गाडी’, ‘बदली रेक’ आणि ‘विशेष गाडी’ हे शब्दप्रयोग बरेचदा एकाच अर्थाने येतात. वस्तुतः त्यांत भेद आहे. बदली रेक हा त्याच गाडीच्या क्रमांकाने, त्याच वेळेला व त्याच थांब्यांवर धावतो. बदलतात ते केवळ डबे. विशेष गाडीला स्वतंत्र क्रमांक असतो व तिचे थांबे निराळे असू शकतात. पर्यायी गाडी ही व्यापक संज्ञा असून तिच्यात हे दोन्ही प्रकार येतात. ‘रेक’ म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांची पूर्ण माळ. इंजिन हा रेकचा भाग मानला जात नाही. मात्र मेमू, उपनगरी लोकल आणि वंदे भारत या गाड्यांत चालक यंत्रणा डब्यांतच बसविलेली असल्याने तेथे हा भेद उरत नाही.

ताफा मागे घेण्याची कारणे

एखाद्या डब्याचे चाक तापणे किंवा इंजिन बंद पडणे ही नित्याची बाब आहे. तेवढा डबा वा ते इंजिन बाजूला काढून गाडी पुढे नेली जाते. ताफा मागे घेण्याची वेळ येते ती दोष एका गाडीचा नसून त्या जातीच्या सर्वच गाड्यांचा असल्याची शंका आली म्हणजे. एका गाडीच्या आसाला भेग आढळली, तर त्याच कारखान्यात त्याच आराखड्यानुसार घडविलेल्या शेकडो आसांविषयी प्रश्न उभा राहतो. तपासणी होईपर्यंत त्या सर्व गाड्या उभ्या करणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

हा निर्णय कोणी घ्यावयाचा, याची व्यवस्था देशोदेशी निराळी आहे. जर्मनीत केंद्रीय रेल्वे प्राधिकरण आणि ब्रिटनमध्ये रेल्वे व रस्ते नियामक कार्यालय या संस्था गाड्या चालविणाऱ्या कंपन्यांहून वेगळ्या आहेत. भारतात रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे कार्यालय रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. अपघाताची चौकशी ज्याच्या हाताखाली काम करायचे त्याच्याचविरुद्ध करावी लागू नये, हा त्यामागील हेतू. डबे व इंजिनांचे आराखडे आणि त्यांतील दोषांचा तांत्रिक अभ्यास हे काम लखनौ येथील संशोधन अभिकल्प व मानक संघटना करते.

जुळणीचा प्रश्न

पर्यायी गाडी निवडताना पहिली अट रुळांच्या रुंदीची असते. भारतात ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० मिलिमीटर, तर नॅरोगेज ७६२ व ६१० मिलिमीटर अशा दोन मापांचे आहे. इंजिनाच्या वर्गनामातील पहिले अक्षर हेच माप सांगते: ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘वाय’ म्हणजे मीटरगेज, ‘झेड’ म्हणजे ७६२ मिलिमीटर आणि ‘एन’ म्हणजे ६१० मिलिमीटर. सर्वसामान्य बोलण्यात शेवटच्या दोन्ही मापांना ‘छोटी गाडी’ असेच म्हणतात. परंतु माथेरानचे ‘एन’ वर्गातील इंजिन विदर्भातील ‘झेड’ वर्गाच्या रुळांवर एक पाऊलही टाकू शकत नाही. १९९२ साली हाती घेतलेल्या युनिगेज प्रकल्पाचे वर्णन बहुधा वेग व मालवाहतूक यांच्या अंगाने केले जाते. एका भागातील डबे दुसऱ्या भागाच्या अडचणीला धावून जाऊ शकणे, हाही त्याचा तितकाच मोठा लाभ आहे.

दुसरी अट विजेची. मुंबईची उपनगरी रेल्वे अनेक दशके १५०० व्होल्ट एकदिश विद्युत् प्रवाहावर चालत होती आणि उर्वरित देशात २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह होता. पश्चिम रेल्वेवर हे रूपांतर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावर २०१६ मध्ये पूर्ण झाले. तोपर्यंत केवळ एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या जुन्या लोकल रूपांतरित भागात नेता येत नसत. एका मार्गावर गाड्या मोकळ्या उभ्या असूनही शेजारच्या मार्गाची निकड त्यांनी भागत नसे.

तिसरी अट डब्यांच्या बांधणीची, आणि आज भारतीय रेल्वेवर ती सर्वाधिक जाचते. चेन्नईच्या पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या आराखड्याचे डबे (आयसीएफ) आणि मूळ जर्मन आराखड्यावर बेतलेले एलएचबी डबे या दोन पिढ्या सध्या एकत्र नांदत आहेत. आयसीएफ डबे स्क्रूच्या साखळीने जोडले जातात व त्यांना बाजूचे बफर असतात. एलएचबी डब्यांना मध्यभागी आपोआप अडकणारी जोडणी असते. आयसीएफ डब्यातील दिवे-पंखे आसावर फिरणाऱ्या जनित्रावर चालतात, तर एलएचबी गाडीला वीज एका टोकाच्या जनरेटर डब्यातून किंवा इंजिनातून मिळते. म्हणून एलएचबी गाडीतील एक डबा नादुरुस्त झाला असता आवारात उभा असलेला आयसीएफ डबा त्याच्या जागी सहजासहजी लावता येत नाही. बदलायचा तर बहुधा संपूर्ण रेकच बदलावा लागतो.

यातून आसनसंख्येचा तिढा निर्माण होतो. एलएचबी शयनयान डब्यात ८० शायिका असतात, आयसीएफमध्ये ७२. वातानुकूलित तीन-स्तरीय डब्यात हीच संख्या अनुक्रमे ७२ व ६४ आहे. आरक्षण एलएचबी रेकचे झाले असून आयत्या वेळी आयसीएफ रेक आला, तर शयनयानात ७३ ते ८० क्रमांकांच्या प्रवाशांच्या हाती निश्चित तिकीट असते, पण डब्यात जागा नसते. गाडीला दहा शयनयान डबे असतील, तर अशा प्रवाशांची संख्या ऐंशी होते. तिकीट तपासनीसाला ही मंडळी इतरत्र बसवावी लागतात. गाडी वेळेवर सुटली एवढ्यावरून पर्यायी सेवा यशस्वी झाली असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

भारतीय रेल्वेवरील पद्धती

लांब पल्ल्याच्या गाड्यांचे रेक एकेका गाडीला बांधलेले नसतात. एकच रेक सकाळी एका नावाने येतो, पिट लाइनवर तपासला व धुतला जातो आणि सायंकाळी दुसऱ्या नावाने निघतो. या साखळीला रेक लिंक म्हणतात. तीमुळे डब्यांचा पुरेपूर उपयोग होतो, पण एका रेकमधील दोषाची झळ दोन-तीन गाड्यांना लागते. काही वेळा गाडी मूळ स्थानकाऐवजी वाटेतील मोठ्या स्थानकापर्यंतच आणून तेथूनच परत सोडली जाते. घोषणेत तिला ‘अंशतः रद्द’ म्हणतात.

वंदे भारत गाड्यांच्या बाबतीत एक डबा काढून दुसरा लावण्याचा मार्ग व्यवहारात उपलब्ध नसतो, कारण डबे एकमेकांना कायमस्वरूपी जोडलेले असून मोटारी त्यांच्यात वाटलेल्या असतात. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नवी दिल्लीहून वाराणसीला निघालेल्या वंदे भारत एक्सप्रेसच्या एका डब्यातील मोटारीच्या बेअरिंगमध्ये उत्तर प्रदेशातील दनकौर व वैर या स्थानकांदरम्यान बिघाड झाला. गाडी अत्यंत मंद गतीने खुर्जा स्थानकापर्यंत नेण्यात आली आणि दिल्लीहून आणलेल्या शताब्दीच्या रेकमध्ये प्रवाशांना बसवून पुढे पाठविण्यात आले. प्रवाशांचे कित्येक तास गेले, पण प्रवास त्याच दिवशी पुढे सुरू झाला. हे शक्य झाले ते रूळ, वीज व फलाट हे तिन्ही समान असल्यामुळे. वेगळी होती ती केवळ गाडीची जात.

नागपूरकरांना याच पद्धतीचे दुसरे उदाहरण परिचित आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली नागपूर–बिलासपूर वंदे भारत एक्सप्रेस मे २०२३ मध्ये काही काळ तेजस एक्सप्रेसच्या रेकने चालविण्यात आली. येथे कारण दोषाचे नव्हते, वंदे भारतच्या उपलब्ध रेकची फेरवाटणी करण्याचे होते. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र अनुभव तोच. इंजिनाने ओढलेली गाडी वंदे भारतइतक्या लवकर वेग घेत नाही, त्यामुळे एकाच वेळापत्रकात दोन जातींच्या गाड्या बसविताना प्रत्येक थांब्यागणिक काही मिनिटे हातची जातात.

मेमू गाडीच्या जागी साधे डबे लावले असता निराळी अडचण येते. मेमूला दोन्ही टोकांना चालकाची खोली असल्यामुळे ती शेवटच्या स्थानकावरून लगेच उलट फिरते. साध्या गाडीचे इंजिन सोडवून, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा जोडावे लागते. दिवसातून पाच-सहा फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा विलंब साचत जातो आणि अखेरची फेरी बहुधा रद्द होते.

बिघाडाऐवजी नैसर्गिक आपत्ती हे कारण असले तरी कार्यपद्धती फारशी बदलत नाही. २७ जुलै २०१९ रोजी मुंबई–कोल्हापूर महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे १०५० प्रवाशांची सुटका करण्यात आली व त्यांच्यासाठी कल्याणहून कोल्हापूरला विशेष गाडी सोडण्यात आली. घाटमार्ग बंद असल्याने ती मनमाड–दौंडमार्गे वळवावी लागली. मूळ गाडी पाण्यात असताना दुसरा रेक, दुसरा मार्ग व दुसरे कर्मचारी एकाच दिवसात उभे करता येणे, हे विस्तीर्ण आणि एकजिनसी जाळ्याचे सामर्थ्य आहे.

मुंबईतील वातानुकूलित लोकल

२५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. हे रेक संख्येने थोडे असल्यामुळे एखादा देखभालीसाठी वा बिघाडामुळे बाजूला गेला की त्याच्या फेऱ्या साध्या लोकलने चालविण्याचा प्रघात पडला. तांत्रिकदृष्ट्या ही बदली अत्यंत सोपी आहे. दोन्ही गाड्या त्याच विजेवर व त्याच फलाटांवर चालतात. अडचण आहे ती तिकिटाची. वातानुकूलित प्रवासाचे जादा भाडे भरलेल्या प्रवाशाला साध्या लोकलच्या प्रथम वर्गात बसता येते. पण त्या डब्यांत आधीच गर्दी असते, आणि मासिक पासधारकाला दर बिघाडामागे फरकाची रक्कम मागत बसणे परवडत नाही.

बदली नेहमी वरून खालीच होते असेही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या वेळा वातानुकूलित लोकलला दिल्याबद्दल कळवा व बदलापूर येथे प्रवाशांनी निदर्शने केली आणि मध्य रेल्वेने वातानुकूलित दहा फेऱ्या पुन्हा साध्या केल्या. त्या प्रवाशांच्या लेखी अधिक सुखसोयीची गाडी हा पर्याय नव्हताच, कारण तिचे भाडे त्यांना झेपणारे नव्हते. पर्यायी सेवेचा विचार करताना भाड्याची जुळणी ही रुळांच्या जुळणीइतकीच महत्त्वाची ठरते.

मुंबई मोनोरेल

वर सांगितलेल्या सर्व उदाहरणांत काही ना काही पर्याय हाताशी होता. तो नसला म्हणजे काय होते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईची मोनोरेल. चेंबूर ते वडाळा हा तिचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. काँक्रीटच्या एकाच तुळईवर रबरी चाकांनी धावणाऱ्या या गाड्या मलेशियातील स्कोमी कंपनीच्या होत्या. तशी दुसरी प्रवासी व्यवस्था महाराष्ट्रात अन्यत्र कोठेही नाही. म्हणजे उसना घ्यायला रेक नाही, आणि सुटे भागही त्या एका कंपनीखेरीज मिळण्याचा मार्ग नाही.

९ नोव्हेंबर २०१७ रोजी पहाटे म्हैसूर कॉलनी स्थानकाजवळ एका रिकाम्या गाडीच्या दोन डब्यांना आग लागली. जीवितहानी झाली नाही. परंतु संपूर्ण सेवा बंद करण्यात आली आणि ती पुन्हा सुरू होण्यास १ सप्टेंबर २०१८ उजाडला. जवळजवळ दहा महिन्यांच्या या काळात मोनोरेलच्या मार्गावर दुसरी गाडी धावणे शक्यच नव्हते. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने स्कोमीशी असलेला करार संपुष्टात आणून सेवा स्वतःकडे घेतली व ३ मार्च २०१९ रोजी संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा दुसरा टप्पा खुला झाला. मार्गाची लांबी दुपटीहून अधिक झाली, पण तिला साजेशा संख्येने चालत्या स्थितीतील गाड्या नव्हत्या. सुट्या भागांचा तुटवडा हे दुखणे कायम राहिले.

१९ ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात लोकलसेवा विस्कळीत झाल्यावर लोक मोनोरेलकडे वळले. म्हैसूर कॉलनी व भक्ती पार्क या स्थानकांदरम्यान गर्दीने भरलेली एक गाडी उंचावरच थांबली. प्राधिकरणाने दिलेल्या माहितीनुसार तिचे एकूण वजन १०४ टनांची मर्यादा ओलांडून सुमारे १०९ टनांवर गेले होते आणि त्यामुळे वीज घेणाऱ्या भागाचा वीजवाहिनीशी असलेला संपर्क तुटला. अग्निशमन दलाने शिड्या लावून ५८२ प्रवाशांना खाली उतरविले. बंद डब्यात वीज व हवा नसल्याने अनेकांना गुदमरल्यासारखे झाले. या घटनेतील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्या दिवशी मोनोरेल ही स्वतःच लोकलची पर्यायी सेवा झाली होती, आणि हा भार पेलण्याइतकी तिची क्षमता नव्हती. पर्याय म्हणून पुढे येणारे साधन मूळ साधनापेक्षा लहान असेल, तर त्यावर येणारी गर्दी हाच नवा धोका ठरतो.

१५ सप्टेंबर २०२५ रोजी वडाळा परिसरात पुन्हा एक गाडी अडकली व प्रवाशांना उतरवून घ्यावे लागले. त्यानंतर २० सप्टेंबरपासून नवी संकेतप्रणाली व भारतात तयार झालेल्या नव्या गाड्या बसविण्याच्या कामासाठी मोनोरेल थांबविण्यात आली. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी चाचणीच्या वेळी वडाळा येथे एका नव्या गाडीला अपघात झाला. चेंबूर व वडाळा ही दोन्ही ठिकाणे हार्बर मार्गावर असल्याने टोकाच्या प्रवाशांना लोकलचा आधार असतो. मधल्या म्हैसूर कॉलनी, फर्टिलायझर टाउनशिप व भारत पेट्रोलियम या स्थानकांलगतच्या रहिवाशांना मात्र बेस्टची बस किंवा रिक्षा याखेरीज गत्यंतर नसते.

माथेरान

नेरळ–माथेरान रेल्वेला पर्यायी गाडी मिळू शकत नाही, त्याचे कारण तिचे ६१० मिलिमीटरचे रूळ आणि तीव्र वळणे. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी उभारलेली ही रेल्वे १९०७ साली सुरू झाली. मे २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ती दोनदा रुळांवरून घसरली व सेवा थांबविण्यात आली. डब्यांना एअर ब्रेक जोडणे आणि धोक्याच्या ठिकाणी रुळालगत अडथळे उभारणे ही कामे झाल्यावर ती टप्प्याटप्प्याने परतली: ३० ऑक्टोबर २०१७ रोजी केवळ अमन लॉज ते माथेरान ही शटल आणि २६ जानेवारी २०१८ रोजी संपूर्ण मार्ग.

या शटलचे महत्त्व तेथील वाहनबंदीमुळे आहे. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. पुढे पायी, घोड्यावरून किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षातून जावे लागे. नेरळ ते दस्तुरी हा भाग टॅक्सीने भरून निघतो, तेथून गावापर्यंतचा नाही. म्हणून मर्यादित साधने असताना संपूर्ण मार्गाचा हट्ट न धरता जेथे दुसरा पर्याय नाही तेवढाच तुकडा आधी चालू करावा, हे तत्त्व येथे अनुसरले गेले. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत घाटातील रूळ वाहून गेल्यावरही हाच क्रम राहिला. शटल काही महिन्यांत सुरू झाली, नेरळपासूनची गाडी येण्यास मात्र ऑक्टोबर २०२२ उजाडला.

विदर्भातील स्थिती

विदर्भात पर्यायाचा प्रश्न ‘शकुंतला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नॅरोगेज रेल्वेशी निगडित आहे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीच्या या जाळ्यात यवतमाळ–मूर्तिजापूर, मूर्तिजापूर–अचलपूर आणि वर्धा जिल्ह्यातील पुलगाव–आर्वी हे मार्ग मोडत. कापूस गिरण्यांकडे व बंदराकडे नेण्यासाठी ते घातले गेले होते. मँचेस्टर येथे १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ही गाडी सत्तर वर्षे ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. जुने साधन मागे घेऊन त्याच रुळांवर त्याच मापाचे नवे साधन आणण्याचा हा एक यशस्वी प्रसंग होय. त्या काळी ७६२ मिलिमीटरची डिझेल इंजिने देशात अन्यत्रही चालत असल्यामुळे तो साधला.

पुढे दोष इंजिनात राहिला नाही, तो रुळांत व पुलांत होता. पुलगाव–आर्वी गाडी तर त्याआधीच थांबली होती. उरलेल्या दोन मार्गांवरील गाड्याही २०१० च्या दशकात बंद पडल्या. त्यांच्या जागी रेल्वेने दुसरी गाडी दिली नाही. प्रवासी एस.टी.कडे आणि खाजगी काळीपिवळीकडे वळले. आर्वी व पुलगाव यांच्यातील ३५ किलोमीटरचे अंतर बसने कमी वेळात कापले जाते हे खरे. पण रेल्वेचे तिकीट बसच्या तिकिटाच्या तुलनेत नाममात्र होते, आणि भाजीची टोपली वा सरपणाची मोळी घेऊन गाडीत चढणाऱ्या बाईला बसमध्ये तशी मुभा नव्हती.

वर्धा जिल्ह्याचा दुसरा भाग मात्र देशातील गजबजलेल्या ब्रॉडगेज मार्गांवर आहे. मुंबई–नागपूर मार्गापासून वर्धा व सेवाग्राम (पूर्वीचे वर्धा पूर्व) येथे बल्लारशाहकडे जाणारा मार्ग फुटतो व तो हिंगणघाटवरून जातो. येथे बिघडलेल्या इंजिनाला नागपूरच्या अजनी शेडमधून दुसरे इंजिन मिळू शकते. हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे गाव या मार्गावर नाही. ते राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. तेथील प्रवाशाला गाडी धरण्यासाठी हिंगणघाटला यावे लागते. अशा गावांच्या दृष्टीने पर्यायी सेवेचे दोन दुवे असतात, गाडीचा आणि गाडीपर्यंत पोहोचविणाऱ्या बसचा. बदली गाडी तीन तास उशिरा आली, तर हिंगणघाटहून वडनेरकडे जाणारी शेवटची बस निघून गेलेली असते. रेल्वेच्या नोंदीत हा प्रवास पूर्ण झालेला असतो. प्रवासी मात्र बसस्थानकाच्या बाकावर सकाळ होण्याची वाट पाहत असतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात हा दुसरा दुवाच तुटला होता.

रेक कमी पडले की पहिली कात्री पॅसेंजर गाड्यांना लागते, अशी ग्रामीण प्रवाशांची जुनी तक्रार आहे. प्रशासनाच्या बाजूने पाहता आरक्षित तिकिटे असलेली एक्सप्रेस रद्द करणे अधिक खर्चिक असते, कारण प्रत्येक तिकिटाचा परतावा द्यावा लागतो. पॅसेंजरच्या अनारक्षित प्रवाशाची अशी कोणतीही यादी नसते. त्यामुळे त्याची गैरसोय कोठे मोजलीही जात नाही.

भारताबाहेरील घटना

बर्लिनच्या उपनगरी रेल्वेची (एस-बान) २००९ मधील घटना या विषयात वारंवार उद्धृत होते. १ मे २००९ रोजी काउल्सडोर्फ येथे चाक तुटून एक गाडी घसरली. तपासण्या ठरलेल्या वेळी झाल्या नसल्याचे उघड होताच केंद्रीय प्राधिकरणाने बहुसंख्य गाड्या थांबविल्या. जुलैमध्ये ताफ्यापैकी सुमारे चौथा हिस्साच धावत होता. एस-बान रुळालगतच्या तिसऱ्या वीजवाहिनीवर चालते, त्यामुळे तिच्या रुळांवर अन्य गाड्या आणता येत नव्हत्या. परंतु शहराच्या मध्यभागी तिला समांतर असे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्वतंत्र रूळ होते. त्यांवरून प्रादेशिक गाड्या सोडून पर्याय देण्यात आला. मुंबईच्या मोनोरेलशी याची तुलना उद्बोधक ठरते. गाड्या दोन्हीकडे एकाच जातीच्या होत्या. बर्लिनला वाचविले ते शेजारच्या रुळांनी.

ब्रिटनमध्ये ८ मे २०२१ रोजी हिताची कंपनीच्या ८०० वर्गातील गाड्यांच्या सांगाड्याला भेगा आढळल्याने त्या एकाच दिवशी थांबविल्या गेल्या. ग्रेट वेस्टर्न कंपनीने काही टप्प्यांत कमी वेगाच्या उपनगरी विद्युत् गाड्या चालविल्या, आणि इतर कंपन्यांच्या गाड्यांतही तीच तिकिटे ग्राह्य धरण्यात आली. वॉशिंग्टनच्या मेट्रोत १२ ऑक्टोबर २०२१ च्या अपघातानंतर आसावरील चाके बाजूला सरकत असल्याचे दिसून आले व ७००० मालिकेतील ७४८ डबे, म्हणजे ताफ्याचा सुमारे साठ टक्के भाग, काढून घेण्यात आला. तेथे आधार मिळाला तो जुन्या मालिकांच्या डब्यांचा. नवा ताफा आला म्हणून जुना लगोलग भंगारात काढू नये, हा धडा त्यातून मिळतो. त्याच वर्षी सिडनीतील एका ट्राम मार्गावरील बाराही गाड्यांना भेगा आढळल्या आणि तेथे प्रवाशांना बसवर अवलंबून राहावे लागले.

परतावा व तिकिटाचे नियम

भारतात रद्द गाडीच्या जागी बस पुरविण्याची सार्वत्रिक प्रथा नाही. अपघात वा पुराच्या प्रसंगी राज्य परिवहनाच्या बस मागविल्या जातात, तेवढेच. प्रवाशाला जे मिळते ते मुख्यतः परताव्याच्या रूपात. २०१५ च्या परतावा नियमांनुसार गाडी रद्द झाल्यास पूर्ण भाडे परत मिळते, आणि ती तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असल्यास प्रवास न करणाऱ्यालाही पूर्ण परतावा मिळू शकतो. वातानुकूलन बंद पडल्यास किंवा वरच्या वर्गाच्या तिकिटावर खालच्या वर्गातून प्रवास करावा लागल्यास दोन वर्गांच्या भाड्यांतील फरक परत मागता येतो. त्यासाठी गाडीतील तिकीट तपासनीसाचे प्रमाणपत्र घेणे आवश्यक असते. बदली रेकच्या गोंधळात हे प्रमाणपत्र घेण्याचे राहून जाते व पुढे दावा टिकत नाही. ई-तिकीट असल्यास दावा संकेतस्थळावर ठरावीक मुदतीत दाखल करावा लागतो. अनारक्षित तिकिटावर गाडी रद्द झाल्याचा परतावा तिकीट खिडकीवर मिळतो. पासधारकाला एका फेरीपुरता परतावा मिळण्याची तरतूद नाही.